कमरेची बंदूक, खांद्याची बंदूक

फौजेतून सुटून आलेल्या माणसाला आमच्या भागात सगळे ‘मेजर’ म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, तरी धर्मापुरीत मी मेजरच. त्यामुळे हत्यारांबद्दल काही विचारायचं असलं की गावातली, घाटनांदूरची, कधी परळीकडची पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मला त्याचा कंटाळा नाही. रायफल, तिची नळी, तिचा चाप, तिची साफसफाई हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि त्यावर मी तासन् तास बोलू शकतो. पण अलीकडे येणाऱ्या पोरांना यातलं काहीच ऐकायचं नसतं. त्यांचं बोलणं साधारण असं चालतं.

“मेजर, एखादं लायसन निघंल का बघा की.”

“कशाला पाहिजे?”

“असावं आपलं. चार माणसांत वजन पडतं.”

“चालवता येतं का?”

“चालवायचं कुठंय? नुसतं जवळ असावं.”

हे ‘नुसतं जवळ असावं’ मला फार लागतं. ज्याला बंदुकीची खरी आवड आहे त्याच्या तोंडी हे वाक्य कधीच येणार नाही. आज बीड जिल्ह्याचं नाव राज्यभर ज्या कारणाने घेतलं जातं, त्याच्या मुळाशीही हेच आहे.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारून टाकण्यात आलं. तो खून बंदुकीने झालेला नाही, मारहाणीने झालेला आहे, आणि त्याचा न्याय कोर्टात व्हायचा आहे. पण त्यानंतर जिल्ह्याचं जे जे झाकलेलं होतं ते वर आलं, त्यात पिस्तुलं होती. रस्त्यावर हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ, कमरेला हत्यार लावून काढलेले फोटो, गाडीच्या बॉनेटवर ठेवलेली रिव्हॉल्व्हर. मग कळलं की एका बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने होते आणि त्यातले काही गुन्हे दाखल असलेल्यांच्या खिशात होते. प्रशासनाने यादी तपासायला घेतली, काहींवर गुन्हे नोंदवले, बरेच परवाने रद्द केले. चांगलं केलं. आमचं गाव केदारेश्वराच्या देवळामुळे आणि किल्ल्यामुळे अभ्यासकांना माहीत होतं. आता बाहेरगावी गाव-जिल्हा सांगितला की समोरचा आधी पिस्तुलाची गोष्ट काढतो.

या सगळ्यावर दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. एक म्हणतात, सगळे परवाने बंद करा. दुसरे म्हणतात, परवाना हा प्रतिष्ठेचा आणि संरक्षणाचा प्रश्न आहे, हात लावू नका. मला दोन्ही पटत नाही. बंदूक बाळगण्याचा शौक असू शकतो, तो चांगलाही असू शकतो. पण त्या शौकाची जागा मैदानात आहे, वरातीत नाही. आणि ज्याला मैदानात उभं राहून कागदावर नेम धरता येत नाही, त्याच्या हाती परवाना ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत फौजेत तयार झालं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात आम्ही भरती झालो तेव्हा हाती ७.६२ ची एसएलआर आली. पहिले कितीतरी दिवस ती फक्त उघडायची आणि जोडायची. त्याला ‘खोलजोड’ म्हणतात. आधी डोळे उघडे ठेवून, मग डोळ्याला पट्टी बांधून. कुठला पुर्जा कुठे बसतो, कुठे तेल द्यायचं, कुठे कापड फिरवायचं, हे बोटांना पाठ व्हायचं. गोळी मात्र उस्तादाने बऱ्याच उशिरा हातात दिली. ज्यांना फक्त धडाड् आवाज ऐकायचा होता त्यांना हे दिवस नकोसे झाले. मला त्याच दिवसांत हत्याराची गोडी लागली. एवढं जड लोखंड, आणि त्याच्या आत केसाइतक्या फरकावर चालणारं यंत्र. गोळी सुटते तेव्हा त्यातला थोडा वायू नळीच्या छिद्रातून पिस्टनवर जातो, पिस्टन ब्रीचला मागे ढकलतो, रिकामं खोकं बाहेर उडतं आणि पुढची गोळी चढते. हे सगळं पापणी लवायच्या आत. ज्याने हे एकदा समजून घेतलं, त्याला रायफल हे धमकी द्यायचं साधन कधी वाटणारच नाही.

रेंजवरची शिस्त तर याहून कडक. हत्यार कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, सही करून निघतं, सही करून परत जातं. फायरिंग संपली की ‘जाँच शस्त्र’, म्हणजे प्रत्येकाची नळी आणि मॅगझिन रिकामं आहे हे दुसऱ्या माणसाने डोळ्याने बघायचं. मग खोकी गोळा करायची. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढी खोकी परत आलीच पाहिजेत. एक कमी पडलं तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसायची, उन्हात असो की पावसात. त्यावेळी राग यायचा. आज त्याची किंमत कळते. ज्या संस्थेत लाखो माणसांच्या हाती हत्यार आहे, तिथे एका पितळी खोक्याचा हिशोब ठेवतात. आणि आमच्या जिल्ह्यात लग्नाच्या वरातीत किती गोळ्या आभाळात गेल्या, हे झाडणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आभाळात गेलेली गोळी आभाळात राहत नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यातले अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी याचा अभ्यास केला होता. सरळ वर झाडलेली रायफलची गोळी खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर असतो. माणसाची कवटी फोडायला एवढा वेग पुरतो. आणि वरातीत नाचता नाचता कुणी नळी सरळ वर धरत नाही. ती तिरपी असते, तेव्हा गोळी जास्त वेग राखून जास्त लांब जाते. साध्या .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. धर्मापुरीच्या वेशीवर झाडलेली गोळी कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या गच्चीवर झोपलेल्या लेकरावर पडेल, हे झाडणाऱ्याच्या हाती उरत नाही. २०१९ साली शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा अशा उत्सवी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. हत्यारं कमी केली हे योग्य झालं. मुदत वाढवली ते मला खटकलं, कारण आता पाच पाच वर्षं त्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते, ती मीही करतो. माझ्याकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे. बारा बोअर म्हणजे काय, हे विचारलं तर दहा परवानेधारकांतले नऊ गप्प बसतील. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. बंदूक कुलपाच्या कपाटात असते, काडतुसं वेगळ्या पेटीत, आणि दोन्ही किल्ल्या एका जागी नसतात. दसऱ्याला ती बाहेर काढतो, दोन्ही नळ्या मोडून उघडतो, उजेडाकडे धरून आत बघतो, गज आणि चिंधीने पुसतो, तेलाचा हात फिरवतो. हळदकुंकू लावतो. मग परत कपाटात. गल्लीतल्या पोरांना ती बघायची असते, त्यांना बघू देतो, पण नळी कुणाकडे वळू देत नाही, रिकामी असली तरी. ‘रिकामीच आहे’ असं म्हणत म्हणतच बहुतेक अपघात होतात.

हत्यार घडवण्याचा शौकही असतो, आणि तो आमच्या मातीत जुना आहे. निजामाच्या राज्यात, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी, आमच्याकडे शेतराखणीला ठासणीच्या बंदुका असायच्या. माझ्या चुलत आजोबांकडे एक होती. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, परत ठासायचं. घोडा ढिला झाला की गावचा लोहार तो बसवून द्यायचा, दस्ता फुटला की सुतार सागाचा नवा करायचा. त्या हातांत कसब होतं, ते मी लहानपणी बघितलेलं आहे. आजच्या कायद्यातही पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची वाट ठेवलेली आहे. रानडुक्कर आणि रोह्यांनी ज्याचा हरभरा तुडवला त्याचं दुःख मला कळतं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला, आणि तो संपला हे बरंच झालं. काळवीट, ससा, मोर टिपण्यात मर्दुमकी होती असं मला कधी वाटलं नाही.

त्या लोहाराच्या कसबाचं आज काय झालं आहे, ते बघितलं की जीव तुटतो. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीत उमर्टी नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या लोखंडाचं काम करणाऱ्या शिकलगार कुटुंबांच्या भट्ट्यांवर गावठी पिस्तुलं बनतात आणि महाराष्ट्रभर पसरतात. पुण्यात, नगरमध्ये, आमच्याकडे पोलीस जो कट्टा पकडतात, त्याचा माग अनेकदा तिथे जातो. हात कसबी आहेत, पण माल जीवघेणा आहे, तोही चालवणाऱ्यासकट. कारखान्यातली बंदूक बाहेर पडण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात आणि मग तिच्यावर शिक्का मारतात. कट्ट्याला कसली तपासणी? साध्या पोलादाचा पाइप, आत पीळ नाही, काडतूस बसेल न बसेल. गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि नळी हातातच फुटली तर बोटं गेली. म्हणून जी पोरं मोबाइलवर बघून ‘आपण पण बनवू’ म्हणतात, त्यांना मी कायदा तोंडपाठ करून सांगतो. परवान्याशिवाय बंदूक बनवली तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आहे त्या बंदुकीची नळी कापून आखूड केली, किंवा खेळण्यातली खऱ्यात बदलली, तरी तो वेगळा गुन्हा. यंत्राची आवड आहे ना, मग आयटीआयला फिटर हो, टर्नर हो, आणि खडकी, वरणगाव, अंबाझरीसारख्या आयुध निर्माणीच्या भरतीला बस. तिथे यंत्राचं काम पगार देऊन करून घेतात. एका पोराने हे मनावर घेतलं आहे, तो सध्या अंबाजोगाईला टर्नरचं शिकतोय.

आता ज्या बंदुकीबद्दल मला खरं बोलायचं आहे, तिच्याकडे येतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. पदक घेतलं तेव्हा वडील शिक्षक, आई गावची सरपंच, स्वतः मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १९५२ ला खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी. मी ती फायनल टीव्हीवर बघितली. गुडघ्यावर बसून पंधरा, पालथं पडून पंधरा, मग उभं राहून. उभ्या पोझिशनला सगळ्यांचे हात हलायला लागतात, तिथे हा पोरगा एकेक गोळीला श्वास सोडून थांबायचा. त्याचे ४५१.४ गुण झाले. पात्रता फेरीत साठ गोळ्यांत ५९० गुण होते, म्हणजे सहाशेपैकी फक्त दहा गेले.

या पोराला कुणी वजन पडावं म्हणून रायफल दिलेली नव्हती. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून नाशिकला तो या खेळात आला आणि पुढे दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडला. त्याच्या आधी त्याच जिल्ह्याने तेजस्विनी सावंत दिली, २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली. राही सरनोबत दिली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक घेणारी. या दोघी कोल्हापूरच्या दुधाळीच्या रेंजवर शिकल्या. एका शहरात एक रेंज होती, नेटाने शिकवणारी माणसं होती, त्यातून जगातल्या पहिल्या रांगेतल्या नेमबाज निघाल्या. मुंबईच्या अंजली भागवतने तर २००२ मध्ये चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्सचा किताब आणला. या बायकांनी पिस्तूल आणि रायफल हातात घेतली तेव्हा कुणालाही भीती वाटली नाही. लोकांना अभिमान वाटला.

आमच्या मातीत दम नाही असं कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बीडचाच. फौजेत गेला, तीन हजार मीटर स्टीपलचेसला उतरला आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. धावायला रस्ता पुरतो, आणि रस्ते आमच्याकडे आहेत. पहाटे परळी रस्त्याला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी-पोरांची रांग लागलेली असते. नेमबाजीला मात्र बंदिस्त जागा लागते, ती नाही. धर्मापुरीच्या मुलीला नेम शिकायचा असेल तर तिने आईबाप सोडून पुण्याला जायचं, बालेवाडीजवळ खोली करायची. ज्या घरातली अर्धी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन जातात, त्या घराला हे झेपणार आहे का?

शाळेच्या एका मोकळ्या खोलीत दहा मीटरची एअर रायफल रेंज होऊ शकते. लांबी पंधरा मीटर, मागे लोखंडी पत्र्याचा अडसर, पुढे कागदी निशाणं. शिशाचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे लागतात, पाचशेची डबी येते. शिसं असतं म्हणून नंतर साबणाने हात धुवायचे, तिथे खायचं प्यायचं नाही, एवढं शिकवलं की झालं. .१७७ बोअरच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला शस्त्रपरवानाही लागत नाही. स्पर्धेची परदेशी रायफल दोन-तीन लाखांना पडते हे खरं, पण शिकायला तिची गरज नाही आणि शाळेने एक घेतली तर वीस मुलं वापरतील. निशाणाच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टिंबाएवढा. त्याच्यावर रोज तासभर नजर लावून बघा. रागीट पोराला पहिल्या आठवड्यातच कळतं की राग आला की छर्रा बाहेर जातो.

गावातल्या एका शिक्षकांनी मला विचारलं, “मेजर, आधीच जिल्ह्यात पिस्तुलं झालीत, त्यात पोरांना बंदूक शिकवायची?” त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर देतो. आज आमच्या पोरांना बंदूक दिसते ती पुढाऱ्याच्या गाडीत आणि मोबाइलवर. तिथे ती धरणारा माणूस मोठा दिसतो, आणि तो काहीही न शिकता मोठा झालेला असतो. पोरं तेच उचलतात. रेंजवर त्यांना दुसरंच दिसेल: नळी कायम खाली, बोट चापावर नाही, उस्तादाने ‘थांब’ म्हटलं की थांब, आणि मोठा तोच ज्याचा कागद चांगला. एनसीसीत कॅडेट .२२ रायफल चालवतातच, त्यांनी कुठे दंगे केले? माझ्यासोबत फौजेत हजारो माणसांनी रोज हत्यार हाताळलं. सुट्टीवर गावी आल्यावर त्यांच्यातल्या एकालाही कमरेला काही लावून फिरावंसं वाटलं नाही, कारण त्यांचं हत्याराशी असलेलं देणंघेणं रेंजवर पूर्ण झालेलं होतं.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याने हत्यार हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं, हे लिहिलेलं आहे. पण एकदा घेतलेलं प्रमाणपत्र फाइलीत पडून राहतं, आणि नूतनीकरणाला कुणी “चल, मैदानात ये” म्हणत नाही. मोटार चालवणाऱ्याला उतारवयात डॉक्टरचा दाखला आणावा लागतो. पिस्तूलवाल्याचा हात थरथरतो की नाही, हे कोण बघतं? माझी मागणी अशी आहे की प्रत्येक परवानेधारकाला वर्षातून एकदा पोलिसांच्या फायरिंग रेंजवर बोलवावं. त्याने स्वतःचं हत्यार सुरक्षित उघडून दाखवावं, दहा गोळ्या निशाणावर झाडाव्यात, आणि घेतलेल्या काडतुसांचा हिशोब खोक्यांसकट द्यावा. ज्याला हे जमत नाही किंवा ज्याला यायचंच नाही, त्याचं हत्यार जमा. जो खरा शौकीन आहे तो या दिवसाची वाट बघेल, मी तर बघेन. यासाठी नवं काही उभारायचीही गरज नाही. निवडणूक आली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतातच. ती परत देताना ही परीक्षा घ्यायला कुणाची आडकाठी आहे?

शाळेतली रेंज आणि परवानेधारकांची परीक्षा, या दोन्ही गोष्टींचे अर्ज मी लिहून ठेवले आहेत. एक जिल्हाधिकारी कार्यालयाला, दुसरा ग्रामसभेत वाचायला. ग्रामसभेपुढच्या अर्जात मागितलं आहे ते असं: शाळेतली वापरात नसलेली एक खोली, जिल्हा नियोजनातून दोन एअर रायफली आणि एक एअर पिस्तूल, वर्षभराचे छर्रे, आणि शिकवणाऱ्याचं मानधन शून्य. शिकवायला मी आहे, आणि अंबाजोगाई-परळी भागात माझ्यासारखे सुटून आलेले आणखी बरेच फौजी आहेत. त्यांच्यापैकी तिघांनी सही केली आहे.